गुरुवर्य बी. बी. जाधव

हौशीरामाची नात तेजस्विनी हिचं लग्न कळंबच्या रस्त्याकडेच्या मंगल कार्यालयात लागलं, ते साल दोन हजार तेवीस. वैशाखाचा महिना होता. लग्नाला जुन्नरहून बिबिजान आली होती, आणि पुढचं सगळं त्या दिवशी तिनं विचारलेल्या एका प्रश्नामुळं झालं.

बिबिजान म्हणजे जुन्नरच्या बांगड्यावाल्या मणियाराची बायको. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, स्वतःचं वय ऐंशीला टेकलेलं. मुलगा शौकत तिला रिक्षातून घेऊन आला आणि हौशीरामाच्या बायकोनं, कुशाबाईनं, तिला पंख्याखालची खुर्ची दिली. बाहेर डीजेचा असा दणका चालला होता की ताटातली जिलबी जागा सोडत होती.

"हौशा, ह्याला मानसाचा हात कुठं लागतो रे?" बिबिजाननं विचारलं.

"न्हाई लागत, खाला." हौशीराम तिला लहानपणापासून खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा.

"मग नाचत्यात कशावर?"

हौशीराम हसला. मग तिनं त्याला वाकायला लावलं आणि कानाशी म्हणाली, "शौकत सांगत व्हता, तुमच्या मंडळात कारेक्रमाच्या आधी ज्याच्या त्याच्या उस्तादाचं नाव घेत्यात. तू कुनाचं घेतो?"

हौशीराम आजवर "आईबापाच्या आशीर्वादानं" एवढं म्हणून पुढं सरकत आला होता.

"ह्या खेपंला तुमचं घेतो," तो म्हणाला.

"मी समोर बसून ऐकंन तवा घे. माझ्या माघारी घेशील ते मला कुठं ऐकू येनार हाये?"

"समोरच घेतो, खाला. शब्द दिला."

हा शब्द साधा नव्हता. त्यामागं जुनी गोष्ट होती. हौशीराम लहान असताना बापानं, तुळशीरामनं, त्याला शाळेसाठी जुन्नरला मामाकडं ठेवला होता. मामाच्या आणि मणियाराच्या घरांची मागची भिंत एकच. मणियार नवराबायको लग्नघरी बांगड्या भरायला जायची. बांगड्या भरून झाल्या की बायका बिबिजानला सोडत नसत. ती गुडघ्याखाली ढोलक दाबून बसायची. तिच्या बोटात लोखंडाचा छल्ला असायचा. दोन थापांच्या मधल्या मोकळ्या जागेत ती त्या छल्ल्यानं ढोलकाच्या लाकडावर टिच् करून मारायची. त्या एका टिचकीनं गाणं उठून बसायचं. पुढं तिनंच हौशीरामाला हे शिकवलं, ते उलट्या घमेल्यावर. शाळेतल्या मास्तरनं छडीनं शिकवलेलं सगळं तो विसरला, घमेल्यावरचं राहिलं.

सातवीत नापास होऊन तो गावी आला, तेव्हा काखेत ढोलकी होती. बिबिजाननं यात्रेतून घेऊन दिलेली. तुळशीरामनं ती एकदा बघितली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ढोलकी कुऱ्हाडीनं फोडली, चुलीत सारली, वर हंडा चढवला आणि त्या पाण्यानं आंघोळ केली. अंग पुसता पुसता म्हणाला, "बायकांचं शिकून आला. उद्या लुगडं नेस."

बाप होता तोवर हौशीरामानं पुन्हा ढोलकीला हात लावला नाही. बापाचं वर्षश्राद्ध झाल्यावर नवी ढोलकी आणली, पाण्याच्या इंजिनाचा वायसर घासून बोटात घातला आणि लाकडावर पहिली टिचकी मारली. ती जशीच्या तशी निघाली. तेव्हापासून पंचक्रोशीत हौशीरामाची टिचकी म्हटलं की लोक ओळखत.

त्यांचं भैरवनाथ लोककला मंडळ चार गावांतल्या माणसांचं होतं. चांगदेव गायचा, त्याचा बाप भारुडं करायचा आणि घरापेक्षा सोंगात जास्त राहायचा. झुंबरबाईचा गळा डिंभ्याच्या वरच्या अंगाला भातलावणीत तयार झालेला. त्यांची खाचरं धरणात गेली, पण या बांधावरून त्या बांधावर आवाज पोचवायची खोड गेली नाही, त्यामुळं माईकवाला तिला नेहमी हात जोडायचा. शौकत आधी जुन्नरच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. डीजे आला, बँड बसला, तेव्हा तो पेटीवर आला. आणि दादाभाऊ तुणतुण्यावर होता, त्याचं कारण एवढंच की आधीचा तुणतुणेवाला वारला तेव्हा तुणतुण्याच्या जवळ दादाभाऊ बसलेला होता. हे तो स्वतःच सांगायचा.

त्या वर्षी दिवाळीनंतर मंडळाला जुन्नरच्या एका मोठ्या महोत्सवाचं बोलावणं आलं. तिथं पसंत पडणाऱ्या मंडळांना पुढं पुण्याला नेणार होते. निवेदन करणाऱ्या वृषाली मॅडमनी हौशीरामाच्या मुलाला, गोरखला, निरोप पाठवला. मंडळाचा सगळा व्यवहार गोरखच बघायचा. चांगदेवच्या पडवीत सगळे बसलेले असताना त्यानं मोबाइलवरून वाचून दाखवलं, "प्रत्येक कलाकाराची सांगीतिक पार्श्वभूमी कळवावी."

"पार्श्वभूमी म्हंजे बसायची जागा का?" दादाभाऊ म्हणाला.

"कोन कुनाकडं शिकला ते, राव."

"मग माझी बसायचीच जागा लिव्ह."

सगळे हसले. चांगदेवनं बापाचं नाव सांगितलं, झुंबरबाईनं आईचं, शौकतनं बँडच्या मास्तरांचं. मग हौशीराम म्हणाला, "माझ्या नावापुढं बिबिजान मणियार लाव."

पेटीवर फिरणारा शौकतचा हात थांबला. त्यानं मान वर केली नाही.

गोरख म्हणाला, "दादा, आज्याचं नाव लावू की. तीन पिढ्यांची परंपरा म्हनलं की लगेच पसंत करत्यात."

"तुझ्या आज्यानं माझी ढोलकी जाळून आंघोळ केली व्हती."

"ते त्यान्ला कोन सांगनार हाये?"

"मी सांगंन."

"भाऊ, बाप तो बाप," चांगदेव मध्ये पडला. "मेलेल्या मानसाला नाव दिलं तर तुमचं काय जातंय?"

"जिचं हाये तिचं जातंय," हौशीराम म्हणाला.

शौकत पेटीचा भाता बांधत हळूच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, भाऊ. अम्मी आपली बोलून गेली आसंल."

"तू गप," हौशीराम म्हणाला. "तू झोळीत व्हता तवाची गोष्ट हाये ही."

घरी येताना गोरखनं खरं काय ते सांगितलं. "दिवस कसलेत ते बघा, दादा. टेजवर गन गायचा, देवाचं नाव घ्यायचं, आन गुरू म्हनून ते नाव. कोनतरी तेवढाच तुकडा काढून मोबाइलवर टाकील. मंडळ बसंल."

"शौकत पेटीवर बसतो ते चालतं?"

"पेटीवर बसनं येगळं, गुरू म्हननं येगळं."

हौशीरामानं त्याच्याशी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी डिंभ्याला पाहुण्यांकडं गेला असताना त्यानं स्वतः वृषाली मॅडमना फोन लावला. धरणाच्या भिंतीजवळ रेंज येत-जात होती. तो ओरडून ओरडून सांगत होता, "बिबिजान! बि-बि-जान! जुन्नरच्याच!" पलीकडून "हो हो, लिहून घेतलं, दादा," असं आलं आणि फोन कापला गेला. त्याचं समाधान झालं. त्यानं शौकतला निरोप धाडला, खालाला पुढच्या खुर्चीवर आणून बसव.

बिबिजाननंच त्याला आणखी एक गोष्ट शिकवली होती. आपल्या उस्तादाचं नाव निघालं की कानाच्या पाळीला हात लावायचा. ती स्वतः तिच्या मावशीचं नाव घेताना लावायची. गावाकडं लोक कानाला हात लावतात तो चूक कबूल करायला, पुन्हा असं करणार नाही म्हणायला. हौशीरामाला दोन्ही माहीत होतं.

डिसेंबरातली संध्याकाळ. जुन्नरच्या मैदानात मांडव भरलेला. मंडळ मंचावर चढून बसलं. मागं भला मोठा फ्लेक्स होता, पण मंचावर बसणाऱ्याची फ्लेक्सकडं पाठच असते. हौशीरामाच्या ढोलकीपुढं एक माईक आणि वर बोलायला एक माईक. समोर पहिल्या रांगेत शौकतची नात तहरीम बिबिजानला धरून बसली होती. म्हातारीनं ठेवणीतली हिरवी शाल पांघरली होती.

वृषाली मॅडम छान बोलत होत्या. चांगदेवचा बाप झाला, झुंबरबाईची आई झाली. मग त्या म्हणाल्या, "आणि ढोलकीवर आहेत हौशीरामदादा. त्यांची टिचकी तुम्ही सगळे ओळखता. पण ही टिचकी त्यांना दिली ती याच जुन्नरच्या मातीतल्या एका गुरूंनी."

हौशीरामानं बिबिजानकडं बघितलं. तिनंही त्याच्याकडं बघितलं. त्याचा उजवा हात कानाच्या पाळीवर गेला.

"गुरुवर्य कैलासवासी बी. बी. जाधव यांनी," मॅडम म्हणाल्या.

टाळ्या पडल्या. हौशीरामाचा हात कानावरच राहिला. कुणीतरी खालून फोटो काढला. शौकतनं पेटीवर सूर धरला होता, तो क्षणभर तुटला आणि पुन्हा लागला. बिबिजानला आधी नीट कळलं नाही. तिनं तहरीमला काहीतरी विचारलं. तहरीम तिच्या कानाशी वाकली, आणि मग म्हातारी हौशीरामाच्या कानाकडं, त्या हाताकडं बघत राहिली.

माईक त्याच्या तोंडापासून वीतभर लांब होता. एक वाक्य बोलायचं होतं. चूक झाली, माझी गुरू ही समोर बसली आहे, एवढंच. पण चांगदेवनं गण उचलला, तुणतुणं सुरू झालं, आणि हौशीरामाचा हात कानावरून निघाला तो ढोलकीवर पडला. त्यानं वाजवलं, आणि चांगलं वाजवलं. प्रत्येक टिचकीला मांडवातून दाद येत होती. पहिल्या रांगेतली हिरवी शाल तेवढी हलत नव्हती.

कार्यक्रम उतरल्यावर गर्दीतून एक गृहस्थ पुढं आले. पांढरी टोपी, हातात हार. "मी रामदास जाधव, येडगाव," ते म्हणाले. "बी. बी. म्हंजे आमचे थोरले चुलते. बबन भिकाजी. मास्तर व्हते. पेन्शनीत आल्यावर ढोलकी वाजवायचे. पन शिष्य केला व्हता हे आमाला आजच कळलं." आणि त्यांनी हौशीरामाच्या गळ्यात हार घातला. त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते, त्यामुळं हौशीरामाला त्यांनाही काही सांगता आलं नाही.

हार गळ्यात घेऊनच तो बिबिजानपुढं आला.

"चांगलं वाजवलं," ती म्हणाली. "जाधवानं चांगलं शिकवलं तुला."

"खाला, आवो त्या बाईनं…"

"कानाला हात पन लावला. मी म्हनलं, एवढं पन शिकवलं का जाधवानं." मग ती तहरीमला म्हणाली, "चल ग. थंडी लई पडली."

शौकतनं पेटी खोक्यात घातली, वरून फडकं बांधलं आणि दोघींच्या मागं निघून गेला.

सकाळी गोठ्यात हौशीरामानं गोरखला गाठलं. गोरखनं फार आढेवेढे घेतले नाहीत.

"मॅडमचा फोन आलता. म्हनल्या, दादांनी नाव सांगितलं पन रेंज न्हवती, बी. बी. जा एवढंच ऐकू आलं, जाधव का? मी म्हनलं, हां."

"तुला ठावं व्हतं."

"व्हतं. तुमी आज्याचं नाव घेईनात, मी खालाचं घेऊ देईना. हे आयतंच आलं. कुनाचं वाईट झालं का? पुन्याला निवड झाली."

"आन कैलासवासी कुनी केलं?"

"त्यांनीच जोडलं आसंल. गुरू म्हनलं की मेलेलाच धरत्यात."

कुशाबाई शेण भरत होती. ती हातातली पाटी खाली न ठेवता हौशीरामाला म्हणाली, "त्याला काय बोलताय? त्यानं फोनवर हां म्हनलं, तुमी टेजवर काय म्हनलं? माईक तुमच्या म्होरं व्हता का न्हवता?"



नंतर तो फोटो सगळ्या तालुक्यात फिरला. गुरूंच्या नावानं कान धरणारा शिष्य, असं त्याखाली लिहिलेलं. येडगावच्या जाधवांनी मास्तरांच्या तसबिरीला नवी काच बसवली. भारुडाच्या कार्यक्रमात पोरं "जाधवांची टिचकी होऊन जाऊ द्या" अशी फर्माईश करू लागली. शौकतनं मंडळ सोडलं. त्याच्या जागी मंचरचा एक पोरगा कीबोर्ड घेऊन बसू लागला.

संक्रांतीनंतर हौशीराम एकटाच एस.टी.नं जुन्नरला गेला. शौकतनं दार उघडलं आणि बाजूला झाला, या म्हणाला नाही. बिबिजान खाटेवर होती. थंडी छातीत उतरली होती. हौशीराम खाली जमिनीवर बसला.

"खाला, नारायणगावला कारेक्रम हाये मार्चात. तिथं मी सोता माईक घेऊन सांगनार. तुमी या. गाडी करतो."

"तू घे की नाव. मी न्हाई येत."

"का?"

"तिथं बसून मला बघत ऱ्हावं लागंल, हा आता तरी बोलतो का न्हाई. या वयात मला ते नगं." ती खोकली. "हौशा, मला राग त्या बाईचा न्हाई. तुझ्या पोराचा पन न्हाई. त्यान्ला मी काय शिकवलं? काईच न्हाई. तुला शिकवलं."

तो निघाला तेव्हा शौकत दाराशी म्हणाला, "भाऊ, बँडच्या मास्तरांचं नाव त्यांनी नीट वाचलं. मुसलमानच व्हते ते पन. त्याला कुनी काय म्हनलं न्हाई. तुमचा गोरख उगीच भ्याला." आणि मग, "का तुमी भ्याला?"

एस.टी. लागायची होती. हौशीराम स्टँडवरच्या बाकावर बसला आणि त्याच्या लक्षात आलं, की बायकांचं शिकून आला हे बापाचं बोलणं त्याला मंचावरच ऐकू आलं होतं. नाव मुसलमान म्हणून नव्हे, बाईचं म्हणून त्याच्या तोंडातून निघालं नव्हतं. गोरखची भीती वेगळी होती. ही त्याची स्वतःची.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात नारायणगावचा कार्यक्रम आला. हौशीरामानं कुणालाच काही सांगितलं नव्हतं. मंचावर चढल्यावर माईक ओढून घ्यायचा असं मनाशी ठरवलं होतं. दुपारी जेवणं झाल्यावर तो ढोलकीची दोरी ताणत बसला होता. गोरख फोनवर बोलायला अंगणात गेला, तो बराच वेळ आला नाही. आला तेव्हा बापासमोर उकिडवा बसला.

"दादा, आज खालाचं नाव घ्या," तो म्हणाला.

हौशीरामानं दोरी खाली ठेवली. "आन व्हिडिओ?"

"टाकू द्या ज्याला टाकायचा त्याला. मी निवेदनवाल्याला सांगतो. तुमच्या मनासारखं बोला."

हौशीरामाला पोराचं कौतुक वाटलं. उशिरा का होईना, त्याला समज आली, असं त्यानं कुशाबाईला सांगितलंसुद्धा.

त्या संध्याकाळी नारायणगावच्या मंचावर त्यानं माईक हातात घेतला आणि सगळं सांगितलं. बांगड्यावाल्याची बायको, लग्नघरचं ढोलक, लोखंडाचा छल्ला, उलटं घमेलं. बापानं ढोलकी जाळली तेही सांगितलं. "जाधव मास्तर थोर असतील, मी त्यांना कधी बघितलं न्हाई. माझी गुरू बाई हाये. बिबिजान मणियार तिचं नाव. ती जुन्नरला हाये." त्यानं कानाच्या पाळीला हात लावला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पुढच्या रांगेतल्या बायकांनी तर जास्तच. कुणी काही वाकडं बोललं नाही. झुंबरबाईनं डोळ्याला पदर लावला. गोरख मंचाच्या कडेला खाली मान घालून उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एस.टी.नं हौशीराम जुन्नरला गेला. खालाला सांगायचं होतं, आणि जमलं तर गोरखच्या मोबाइलवरचं रेकॉर्डिंग ऐकवायचंही होतं; म्हणून त्यानं मोबाइल मागितला होता, पण गोरखनं तो चार्ज नाही म्हणून दिला नव्हता. बोळाच्या तोंडाशी खुर्च्या मांडलेल्या दिसल्या. घराच्या ओट्यावर टोपी घातलेली माणसं बसली होती. शौकत त्यांच्यात होता. तो उठला नाही.

"काल दुपारीच गोरखला फोन केला व्हता," शौकत म्हणाला. "माती असरच्या नमाजानंतर व्हती. म्हनलं, तुमी येताल."

हौशीराम ओट्याच्या पायरीवर बसला. कुणीतरी त्याला पाणी दिलं, ते त्यानं हातात धरून ठेवलं.

घरी परतल्यावर त्यानं गोरखला एकच विचारलं, "मला सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं आसतं तर तुमी वाजवलं आसतं का?" गोरख म्हणाला. "सांगितलं न्हाई, म्हनून तर नाव घेऊ दिलं."

बिबिजान मणियार ५ मार्च २०२४ रोजी, मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास जुन्नरला राहत्या घरी वारली. तिची माती त्याच दिवशी संध्याकाळच्या आत झाली. नारायणगावचा कार्यक्रम त्यानंतर सुरू झाला.